भाऊजींनी फोडलेली बातमी

या देशाची निम्मी गुपितं कुठे सुखरूप असतील, तर ती आमच्या भाऊजींच्या पोटात. हे मी कौतुकानं म्हणत नाहीये, तक्रार म्हणून सांगतेय. तीसेक वर्षं हा माणूस एका मराठी दैनिकाचा दिल्लीतला प्रतिनिधी होता. सरकारं आली, पडली, मंत्री शपथ घेऊन हसले आणि खातं गेल्यावर रडले, पक्ष फुटले, पुन्हा जुळले, आणि हे सगळं भाऊजींनी अगदी जवळून पाहिलं. आता सांगा, असा माणूस घरात असल्यावर नातेवाइकांची काही अपेक्षा असणार की नाही? लग्नाच्या पंगतीत ते बसले की चारी बाजूंनी माना पुढे यायच्या. "काय हो, आतलं काय चाललंय दिल्लीत?" भाऊजी हातातली पुरी संपवायचे, तोंड पुसायचे, इकडेतिकडे बघायचे आणि आवाज अगदी खाली आणून म्हणायचे, "थंडी यंदा लवकर ओसरली." झालं! एवढ्यावर आमची बोळवण.

भाऊजी म्हणजे माझ्या थोरल्या ताईचे यजमान. ताई लग्न झाल्यापासून इथे मुंबईत, चारकोपलाच. सासू-सासरे, मुलीची शाळा, सगळं तिनं इथे निभावलं आणि भाऊजी दिल्लीत एका गच्चीवरच्या खोलीत राहून देश सांभाळत होते. निवृत्त होऊन परत आले ते बंडी घालूनच. चारकोपच्या दमट हवेत, घामाच्या धारा लागलेल्या, तरी बंडी काही अंगातून निघायची नाही. डिसेंबर उजाडला की वर स्वेटर! आम्ही पंखा पाचावर ठेवून बसलेलो आणि हे गृहस्थ कानाला मफलर गुंडाळून "दिल्लीत आज धुकं असणार" म्हणतायत. संध्याकाळचे सात वाजत आले की त्यांना घरात चैन पडत नसे. ती बातमी पाठवायची वेळ ना! पूर्वी टेलिफोनवरून मजकूर सांगायची सवय, त्यामुळे अजूनही फोनवर विरामचिन्हांसकट बोलतात. मला वाढदिवसाचा फोन येतो तो असा, "नीलू, स्वल्पविराम, तुला अनेक आशीर्वाद, पूर्णविराम. नवा परिच्छेद. ताईनं साटोऱ्या केल्यात, घेऊन जा."

त्यांचा एक नियम, कुठलीही गोष्ट दोन वेगवेगळ्या माणसांकडून कळल्याशिवाय खरी मानायची नाही. आणि दुसरा, प्राण गेला तरी सांगणाऱ्याचं नाव फोडायचं नाही. या दोन नियमांपायी एकदा बाजारात काय तमाशा झाला! ताईनं त्यांना पापलेट आणायला पाठवलं. एका कोळीणमावशीनं सांगितलं, "भाऊ, आज सकालचाच हाय." एवढ्यावर घ्यावं की नाही? नाही! दुजोरा हवा. गेले शेजारच्या पाटीवर. ती म्हणाली, "तिचा? कालचा बरफातला हाय." भाऊजी पहिलीकडे परत आले आणि अदबीनं म्हणाले, "आपल्या मालाबद्दल थोडी वेगळी माहिती हाती आलीय." "कोन बोलला?" ती कोयता घेऊन उठलीच. "ते नाव मला सांगता येणार नाही." मग काय, प्रत्येकीला वाटलं दुसरी बोलली. सगळा बाजार पेटला, भाऊजी मधोमध बंडीत उभे, पण तोंडातून नाव म्हणून नाही. पुढे बरेच दिवस ताईला मासळीसाठी रिक्षा करून दुसऱ्या बाजारात जावं लागलं. त्या दिवशी ती चिडून आमच्या मालवणीवर आली, "तुमका याड लागलां काय?" आणि भाऊजी शांतपणे म्हणाले, "यावर प्रतिक्रिया देण्यास नकार."

पण खरं सांगू? या तोंड मिटून बसण्यामुळेच सगळं खानदान त्यांच्यापाशी मोकळं व्हायचं. कुणाचं कुठे जमलंय, कुणाची नोकरी डळमळतेय, कुठल्या सुनेला कुठली सासू नको झालीय, सगळं भाऊजींना ठाऊक. त्यांना बागेत गाठायचं, "ऑफ द रेकॉर्ड हं" म्हणायचं की ते आधी स्वतःचा फोन बंद करायचे, मग तुमचा बंद करायला लावायचे, आणि पाण्याच्या टाकीमागे घेऊन जायचे. तिथे तुम्ही काय वाट्टेल ते बोला, गेलं ते पोटात.

मीही तिथेच गेले होते. आमचे हे गेल्यापासून मी घरात एकटी. गेल्या वर्षी एकदा बाथरूममध्ये चक्कर आली, थोडं लागलं, आणि माझा मुलगा निनाद पुण्याहून धावत आला. "आई, तू आता आमच्याकडेच चल. हे घर विकून टाकू." त्याचा चेहरा एवढासा झालेला बघून माझ्या तोंडून निघून गेलं, "येते की रे! इथे काय ठेवलंय माझं?" एकदा हो म्हटलं आणि मग गाडी थांबेचना. एजंट आला, गिऱ्हाईक आलं, पुढच्या रविवारी टोकन घ्यायचं ठरलं. शेवटी मीही फोन बंद केला. टाकीमागे जाऊन मी भाऊजींना म्हटलं, "मला नाही जायचं हो. इथे भाजीवाला मला नावानं हाक मारतो. इथली भिंत न् भिंत आम्ही दोघांनी हप्ते फेडून उभी केलीय. तिथे दिवसभर मी कुणाशी बोलू, वॉशिंग मशीनशी? पण पोराला नाही कसं म्हणू? घाबरलाय तो." भाऊजी फक्त "हं" म्हणाले.

आणि त्याच आठवड्यात निनाद आला, तोही यांना घेऊन टाकीमागे! "काका, ऑफ द रेकॉर्ड हं. आम्ही दोघं सकाळी जातो ते रात्रीच उगवतो. आई तिथे कोंडून पडेल, वेडी होईल. मला तिला इथून उपटायचं नाहीये. पण ती इतक्या आनंदानं हो म्हणाली, आता नको कसं म्हणू? तिला वाटेल, सुनेनं शिकवलं." हे सगळं मला नंतर कळलं म्हणा. तेव्हा कळलं असतं तर दोघांच्याही पाठीत धपाटा घातला असता.

भाऊजींची काय वाट लागली असेल बघा. बातमी मोठी, दोन्ही बाजूंनी पक्की, दुजोऱ्यासकट, आणि छापायची सोय नाही! माणूस जेवेना. सातच्या सुमाराला हॉल ते गॅलरी, गॅलरी ते हॉल. ताईला वाटलं गॅस झालाय, ती बिचारी ओवा देत राहिली. माझ्याकडे चहाला आले की आडून आडून सुरू, "जाणकारांच्या मते, घर विकायची घाई करू नये." मी म्हणायचे, "कोण जाणकार?" की हे कप तोंडाला लावायचे. निनादला फोन करून म्हणे, "पुण्यात पाण्याची परिस्थिती चिंताजनक असल्याचं बोललं जातं." तो म्हणाला, "काका, आमच्याकडे चोवीस तास पाणी आहे." त्यावर यांनी फोनच ठेवला!

रविवार उजाडला. माझ्या हॉलमध्ये एजंट, घर घेणारं एक बरं जोडपं, निनाद, ताई आणि कोपऱ्यात भाऊजी. ताईनं पोहे केले होते. मी हसत होते, आणि एवढं हसत होते की गाल दुखायला लागले. त्या गृहस्थांनी चेकबुक काढलं, पेन उघडलं, आणि भाऊजी एकदम ताडकन उठून उभे राहिले. बंडीची वरची गुंडी लावली.

"मला एक निवेदन करायचंय," ते म्हणाले. "या घराच्या मालकीणबाईंना पुण्याला जायचं नाही. पूर्णविराम. त्यांच्या मुलाचीही त्यांना इथून हलवायची इच्छा नाही. पूर्णविराम. दोघंही एकमेकांचं मन राखायला खोटं बोलतायत."

"भाऊजी!" मी ओरडले. "काका, यार!" निनाद ओरडला.

एजंटाची तर पार भंबेरी उडाली होती. "साहेब, कोण बोललं असं? नाव सांगा ना!"

आणि ज्या माणसानं दिल्लीत मंत्र्यांच्या धमक्यांना भीक घातली नाही, भर बाजारात कोयत्यापुढे तोंड उघडलं नाही, त्यानं हात वर केला आणि सरळ बोट दाखवलं. "ही," माझ्याकडे. "आणि हा," निनादकडे. मग ते मटकन खाली बसले.

मला इतका राग आला, इतका राग आला, की रडायलाच आलं. निनाद माझ्याकडे बघतोय, "आई, खरं?" मी म्हटलं, "तुझं खरं?" आणि मग तो एवढा घोडा माझ्या खांद्यावर डोकं टेकून हुंदके द्यायला लागला. एजंट "वाट लागली, वाट लागली" करत बसला. ताई तेवढी शुद्धीवर. त्या जोडप्याच्या बशीत आणखी पोहे वाढत म्हणाली, "घर नाही तर नाही, पोहे तरी पोटभर खा हो." भले लोक, त्यांनी खाल्ले.

मी राहिले. बाथरूममध्ये निनादनं धरायला दांड्या बसवून घेतल्या, सकाळ-संध्याकाळ फोन करतो. पण भाऊजींनी धसका घेतला. कुणी "तुम्हाला म्हणून सांगतो" म्हणत जवळ आलं की हात जोडायचे, "मला नका सांगू, मी फुटलेला माणूस आहे." त्या रविवारनंतर दुसऱ्याच संध्याकाळी मी त्यांच्याकडे गेले. गॅलरीत खुर्ची टाकून बसले होते. म्हटलं, "अहो भाऊजी, उपकार केलेत माझ्यावर. एवढं काय मनाला लावून घेता? आयुष्यात कधी नाव फोडलं नाहीत, मग कालच कसं जमलं?"

ते खालच्या रस्त्याकडे बघतच म्हणाले, "नीलू, दिल्लीहून मी दर रविवारी घरी फोन करायचो. तुझी ताई म्हणायची, इथे सगळं छान आहे, तुम्ही काळजी करू नका. सरकारनं सगळं छान आहे म्हटलं की मी लगेच शोधायला लागायचो, नक्की काय बिघडलंय. हिचं मात्र ऐकलं आणि फोन ठेवला. परत आल्यावर मुलगी एकदा बोलता बोलता म्हणाली, फोन ठेवला की आई आतल्या खोलीत जाऊन बसायची. इतकी वर्षं! तेव्हा कुणी एकानं जरी फोडलं असतं ना, तर मी मिळेल त्या गाडीनं निघून आलो असतो."

चहा घेऊन ताई दारात उभी होती. तिनं सगळं ऐकलं होतं.

"काहीतरीच," ती म्हणाली. "आला असतात? कशावरून? कोण म्हणतं?"

भाऊजींनी सवयीनं इकडेतिकडे पाहिलं. दुजोरा द्यायला तिथे कुणी नव्हतं. मग त्यांनी ताईकडे पाहिलं.

"मी म्हणतो," ते म्हणाले.

ताईनं चहाचे कप कठड्यावर ठेवले आणि पदरानं नाक पुसत त्यांच्या शेजारी बसली. माझा चहा तसाच ठेवून मी हळूच चपला घातल्या आणि दार ओढून घेतलं. उद्या यायला मोकळी होते, दोन गल्ल्या ओलांडल्या की माझं घर होतं.