मागून आलेला आवाज

"नाही म्हणजे नाही. तुमच्या आईचं नाव आमच्या नोंदीत नाही," असं मी त्या बाईला तोंडावर सांगितलं. एकदा नव्हे, तीनदा. आज आठवलं की माझी मलाच लाज वाटते.

यवतमाळच्या एका कॉलेजात मी ग्रंथपाल आहे. काही वर्षांपूर्वी सुट्ट्यांमध्ये गाडी काढून आर्णी-दारव्ह्याकडच्या बंजारा तांड्यांवर हिंडले. तिथल्या लोकांचे आजे-पणजे बैलांवर मीठ आणि धान्य लादून कुठून कुठे जायचे, मुक्काम कुठे, पाणी कुठे, हे सगळं म्हाताऱ्यांकडून रेकॉर्ड केलं आणि घरी बसून शब्दन् शब्द टाइप केलं. मग ते एका ग्राफ डेटाबेसमध्ये भरलं. प्रकार साधा असतो. माणूस एक ठिपका, तांडा एक ठिपका, विहीर एक ठिपका. मध्ये रेघा: हा इथे राहतो, यानं हे सांगितलं, ही विहीर या वाटेवर आहे. रेघ धरून कुठूनही कुठेही पोचता येतं. मला या कामाचा भारी गर्व होता.

ती बाई कापूस वेचणी सोडून दारव्ह्याच्या एसटीनं आली होती. आई दिवाळीत वारली म्हणाली.

"मॅडम, तुम्ही आमच्या तांड्यावर आलत्या, नायकाच्या अंगणात. माही याडी बोलली होती तुमच्यासंग. तिचा आवाज तुमच्या मशीनमंदी हाय."

याडी म्हणजे आई. मी नाव टाकलं. नाही. नायकाचं टाकलं, तांड्याचा प्रमुख तो, लगेच आला. "नायक बोलले होते हो. तुमची आई नाही."

"बोलली होती! चहा घेऊन आलती ती. चेहरा हाय फोटोत. आवाज इसरून राह्यली मी."

रडली वगैरे नाही. पदर खोचला, खुर्ची ओढली आणि म्हणाली, "हुडका. मी हाय इथंच."

घ्या! आता हिला उठवणार कोण? आणि खरं सांगायचं तर हट्टात मीही कुणाला हार जात नाही. म्हटलं, बघूच.

अडचण माझ्या लक्षात आली होती. मी शोधत होते ती फक्त नावं. मुलाखतींचा मजकूर प्रत्येक रेकॉर्डिंगच्या ठिपक्याला गठ्ठ्यानं लटकवलेला, त्याच्या पोटातला शब्द शोधायची सोयच केलेली नव्हती. त्यासाठी वेगळा इंडेक्स बसवावा लागतो, कोणता शब्द कोणत्या मजकुरात आहे याची यादी. महिनोन्महिने "करू, करू" म्हणत टाळलेलं काम ते. त्या दिवशी बसवलं. नावांसोबत मुलाखती आणि माझी टिपणंही यादीत घ्या असं सेटिंगच्या फाइलमध्ये लिहिलं, सर्व्हर बंद करून पुन्हा चालू केला आणि चाचणीसाठी "विहीर" शोधलं.

शून्य.

अरे! निम्म्या मुलाखती विहिरींच्या, आणि शून्य? माझं डोकंच फिरलं. कीबोर्ड आपटला. मग सूचना पुन्हा वाचल्या, या वेळी माणसासारख्या. इंडेक्स बसवल्यानंतर जे आत येईल त्याचीच नोंद तो घेतो. मार्केट यार्डाच्या गेटवर आज रजिस्टर ठेवलं तर कालच्या गाड्या त्यात कशा सापडतील? जुन्या सगळ्या मालाचा इंडेक्स वेगळा चालवून करायचा होता. तो लावला. तो चालू असेपर्यंत बाईनं फडक्यातली भाकरी काढली आणि अर्धी माझ्यापुढे ठेवली. मी मुकाट्यानं खाल्ली.

"आई काय बोलली होती, एखादा शब्द आठवतो?"

"बकरी," ती म्हणाली. "बकरी तुमच्या बॅगचा पट्टा खाऊन राह्यलती. याडीनं हाकलली."

"बकरी" टाकलं. ढीगभर उत्तरं! बकरी नाही असा तांडा कुठला? मग शब्दाला रेघ जोडली: बोलणारा याच तांड्यात राहणारा हवा. एकच नोंद उरली. नायकाची. उघडली.

मध्येच, कंसात, माझ्याच हातचं टिपण: "मागून बाईचा आवाज, बकरीबद्दल. व्यत्यय." खाली पुन्हा: "मागून बाईचा आवाज. व्यत्यय."

शब्दन् शब्द टाइप केला म्हणे! मी तिच्याकडे न बघता रेकॉर्डिंग लावलं.

"हुर्र! मॅडम, पट्टा खाल्ला ना तुमचा!" आणि खळखळून हसणं. नायक पुढे सांगू लागले, बैल नदीवरून जायचे. लगेच मागून तोच आवाज: "नदीवरून नाही, मामाजी. उन्हाळ्यात तिथं पाणी कुठं राहे? चिंचेच्या विहिरीवरून जात. मले सासूनं सांगतलं." नायक म्हणाले, "हो, चिंचेच्या विहिरीवरून."

त्यातलं नायकांचं शेवटचं वाक्य तेवढं मी टाइप केलं होतं. ती विहीर माझ्या ग्राफमध्ये नायकाच्या नावाला जोडलेली होती. मी, बाई असून, अंगणात पुरुषांच्या रांगेत खुर्चीवर बसले होते आणि चुलीकडून आलेलं खरं उत्तर मला व्यत्यय वाटलं होतं. फार वाईट वाटलं.

"पुन्हा लावा," ती म्हणाली. डोळे वाहत होते, पुसतही नव्हती. "बकरीचं नोको. विहिरीचं लावा."

चार-पाच वेळा लावलं. रेकॉर्डिंग तिच्या फोनवर घालून दिलं. मग तिच्यासमोरच विहिरीची नायकाकडे जाणारी रेघ काढून टाकली, नवा ठिपका केला, तिच्या आईचं पूर्ण नाव विचारून लिहिलं आणि रेघ तिथे जोडली: हिनं सांगितलं. आता इंडेक्स जागेवर होता, नवी नोंद आपोआप यादीत गेली.

ती उठली नाही. "नाव टाकून पाहा," म्हणाली.

मी शोधाच्या चौकटीत तेच नाव टाकलं. एक उत्तर आलं.

"आता सांगा मॅडम. हाय का नाही?"

"आहे," मी म्हणाले.