सुजाताचा सहावा प्रोग्राम

कॉम्प्युटर शिकवणाऱ्या माणसाकडं कसले आलेत किस्से, असं लोकांना वाटतं. अहो, लातूरच्या आमच्या कॉलेजात दुष्काळाच्या त्या एका वर्षात इतके किस्से झाले, की स्टाफरूममधला चहा संपायचा पण विषय संपायचा नाही. अर्थात चहाही अर्धाच कप असायचा, पाणी कुठं होतं!

या किश्श्यांचं कारण माझाच उद्योग. साठ पोरांचे प्रोग्राम तपासून डोळे गेले, म्हणून मी ते तपासणारा एक प्रोग्राम लिहिला. उत्तर जुळलं की हिरवा, नाही जुळलं की लाल. पोरांनी त्याचं नाव ठेवलं 'मामलेदार'. का, तर कुणाचंच ऐकत नाही! नियम साधा होता. दहापैकी सहा हिरवे, तरच परीक्षेचा फॉर्म.

*

पहिल्याच दिवशी शिरूर अनंतपाळची सुजाता रडवेली होऊन आली. शिकायला शहरात आलेली त्यांच्या घरातली ही पहिलीच. फॉर्म हुकला की हॉस्टेलची जागा जाणार, आणि जागा गेली की कॉलेजही सुटणार. दोन आकड्यांची बेरीज अगदी बरोबर, तरी लाल!

पाहतो तर तिच्या प्रोग्रामनं छापलं होतं, 'नमस्कार सर, उत्तर २५ आले आहे.'

"अगं, नुसतं २५ छापायचं."

"मोठ्या मानसाच्या तोंडावर नुसता आकडा कसा फेकायचा सर?"

*

लोह्याच्या गणेशचा पहिला प्रोग्राम मात्र फटकन हिरवा. मला शंका आली. उघडून बघतो तर त्यात गणितच नाही! नमुन्यात दिलेलं उत्तर पठ्ठ्यानं जसंच्या तसं छापलेलं.

"गणेश, प्रोग्रामनं मोजलं कुठं?"

"तुमीच मोजून दिलतं की सर. मी पुन्हा मोजायचं म्हंजे तुमच्यावर इस्वास न्हाई असं झालं!"

*

मग मी नमुने लपवले. गणेशचा पुढचा प्रोग्राम बरोबर होता, पण कूर्मगतीनं चालायचा. मामलेदार पाच सेकंद थांबून लाल करायचा.

गणेश भडकला. "टँकरसाठी मी सकाळपासून थांबून राहिलो सर. ह्याला पाच सेकंद थांबवंना?"

मी मुकाट्यानं पाचाचे दहा केले.

*

एकदा प्रश्न होता, मराठवाड्यातल्या जिल्ह्यांची यादी करा आणि किती ते छापा. उत्तर आठ. उदगीरच्या बसवराजचं आलं नऊ.

"नववा कुठला रे?"

"उदगीर! जिल्हा होनारच हाय सर."

"झाला की हिरवा करतो."

तो स्क्रीनकडं बघून म्हणाला, "सर, हा मामलेदार मुंबईहून आनलाय का?"

*

वर्ष सरत आलं. फॉर्मचा शेवटचा दिवस उजाडला आणि सुजाताचे हिरवे होते पाच. माझाच जीव टांगणीला लागला, कारण पोरगी कष्टाळू होती आणि मला तिचं कौतुक होतं.

शेवटचा प्रश्न मीच त्या दिवसांना साजेसा काढला होता. टँकरमध्ये हजार लिटर पाणी, रांगेत पाच घरं, प्रत्येकाला हवं तीनशे. जो आधी त्याला आधी द्या आणि कुणाला किती मिळालं ते छापा. म्हणजे पहिल्या तिघांना तीनशे, चौथ्याला शंभर, पाचव्याला शून्य.

सुजाताचं उत्तर होतं, पाचही घरांना दोनशे-दोनशे. लाल!

मी तिच्या शेजारी खुर्ची ओढून बसलो. "सुजाता, प्रश्न नीट वाचला नाहीस का?"

"वाचला सर."

"मग? जो आधी त्याला आधी, असं लिहिलंय ना?"

"हाव सर. पर आमचं घर शेवटाला हाय."

घड्याळात अर्धा तास उरला होता आणि ऑफिसची खिडकी बंद होणार होती. शेवटी म्हणालो, "बाई गं, आज मी सांगतो तसं कर."

तिनं मान हलवली आणि दोन मिनिटांत दोन ओळी बदलल्या. तिला ते आधीपासून येतच होतं! शेवटच्या घरापुढं शून्य आलं आणि मामलेदार हिरवा झाला. वर्गात टाळ्या पडल्या. गणेश फॉर्म आणायला धावला.

सुजाता तेवढी जागची हलली नाही.

"सर, झाले न्हवं मी पास?"

"झालीस की!"

"मंग आता पयल्यासारखं करून ठिवू का?"