रेडिएटरमधला भंडारा

देवाला अर्धा नवस चालतो का, हा प्रश्न बरेच दिवस माझ्या डोक्यात घोळत होता, आणि कुणाला विचारायची सोय नव्हती. नवस बोलला होता आत्याबाईंनी, म्हणजे माझ्या सासूबाईंनी. आदल्या पावसाळ्यात माझी सुमन तापानं फणफणली होती. ताप हटेना, पोर ओळख देईना, बीदरच्या डॉक्टरांनीही "बघू या" एवढंच म्हटलं, तेव्हा आत्याबाईंनी देवघरातल्या खंडोबापुढं पदर पसरला. पोर उठून बसली की मैलारला तुझ्या देवळात येईन आणि माझ्या दोन्ही लेकांच्या हातानं तुझी तळी उचलवीन, असं त्या म्हणाल्या. मी सुमनचं डोकं मांडीवर घेऊन तिथंच बसले होते. तशातही मला वाटून गेलं, की आत्याबाईंनी देवाला भलतंच अवघड काम सांगितलंय. ताप उतरवणं त्याला जमेल, पण या दोघांना एका ताटापाशी आणणं त्यालाही जड जाईल.

सुमन बरी झाली. चालायला लागली, खायला लागली, शेजारच्या पोरींशी भांडायलाही लागली, तेव्हा ती पुरती बरी झाली अशी आमची खात्री पटली. आता नवस फेडायला हवा होता. तळी म्हणजे ताम्हणात भंडारा, खोबरं, पानसुपारी ठेवायची, घरच्या पुरुषांनी ते ताम्हण मिळून धरायचं आणि येळकोटचा गजर करत वर उचलायचं. ती एकट्यानं उचलायची गोष्टच नव्हे. आणि आमच्या घरात माझे यजमान आणि त्यांचे धाकटे भाऊ मल्हारी यांचं बोलणं तीन वर्षांपासून बंद होतं.

भांडण जीपवरून झालेलं. लिलावातली ती जुनी जीप दोघा भावांनी मिळून घेतली होती. ह्यांचं तिच्यावर प्रेम होतं ते बाहेरून. काच पुसायची, धुवायची आणि चावडीसमोर चारचौघांना दिसेल अशी उभी करायची. आत काय चाललंय ते मल्हारी भाऊजी बघायचे. सकाळी स्वतःचा चहा घ्यायच्या आधी ते रेडिएटरमध्ये पाणी घालायचे. पुढं वाटणी झाली, जीप आमच्याकडं आली आणि कमठाण्याच्या वाटेवरचं विहिरीचं शेत भाऊजींकडं गेलं. तरी भाऊजी रोज सकाळी येऊन बॉनेट उघडायचे. एक दिवस ह्यांचं काहीतरी बिनसलं होतं. "गाडी आता माझी हाय. हिला हात लावायचा न्हाई," असं ते बोलून गेले. भाऊजींनी हात पुसले, "तू सांगितल्याबिगर लावणार न्हाई, अण्णा," म्हणाले, आणि महिन्याभरात बायकोला, शांताला, घेऊन शेतावर राहायला गेले. दोघंही एकाच आईची लेकरं, त्यामुळं हट्टात कुणी कुणाला हार जाण्यातला नव्हता.

नवसाचा विषय निघाला तेव्हा ह्यांनी तोडगा काढला. "मला दोन हात हायेत की. एक हात माझा, एक हात मल्हारीचा. उचलतो मी तळी," ते म्हणाले आणि स्वतःच्या हुशारीवर खूश होऊन हसले. मीही हसले, पण तेवढ्यापुरतंच. सुमन माझी होती. देवानं तिला पुरती बरी केली होती, अर्धी नव्हे, आणि आम्ही अर्ध्याच नवसावर त्याची बोळवण करणार होतो. ताप परत आला तर, या विचारानं रात्री झोप उडायची. आत्याबाई मात्र तयारीला लागल्या. त्यांनी हळकुंडं आणवली, स्वतः जात्यावर दळली, वस्त्रगाळ केली आणि भंडाऱ्याची चांगली गच्च पिशवी बांधली.

चैत्रातल्या एका रविवारी आम्ही निघालो. हे जीप चालवायला, शेजारी आत्याबाई मांडीवर भंडारा घेऊन, मागं मी आणि सुमन. कमठाण्यावरून बीदर आणि पुढं उदगीरच्या रस्त्यानं मैलार, असा आमचा नेहमीचा रस्ता. राज्याचं नाव बदलून कर्नाटक झाल्याला बरीच वर्षं झाली होती, तरी आत्याबाई एसटीवरची पाटी दिसली की "म्हैसूरची गाडी आली" म्हणायच्या आणि सुमन त्यांना दर खेपेला सुधारायची. ऊन चढत होतं. इंजिनाच्या उष्णतेचा काटा केव्हाचा लाल रेघेला टेकला होता. मी तो दाखवला तेव्हा हे म्हणाले, "काटाच खराब हाय." थोड्या वेळानं गोड, जळकट वास यायला लागला. मग बॉनेटच्या फटीतून वाफ निघाली, इंजिन दोनदा खोकलं आणि बंद पडलं.

धुरळा खाली बसला तेव्हा मला समोर चिंचेचं झाड दिसलं, विहीर दिसली, आणि बांधावर हातात खोरं घेऊन उभे असलेले मल्हारी भाऊजी दिसले. सबंध रस्त्यावर जीपनं बंद पडायला हीच जागा निवडली होती. मी आत्याबाईंकडं बघितलं. त्या पिशवीची गाठ नीट करत होत्या.

सुमनला आमच्या भांडणाशी काही देणंघेणं नव्हतं. "काका, पाणी द्या, गाडी तापली," असं ओरडत ती पळाली. भाऊजींनी तिला जवळ घेतलं, डोक्यावरून हात फिरवला, विहिरीतून घागर भरून आणली आणि बांधावर ठेवली. पण बांध ओलांडून पुढं आले नाहीत. हात लावणार नाही म्हणाले होते ना, मग नाहीच. इकडं ह्यांनी बॉनेट उघडलं, उपरण्याचं टोक हाताभोवती गुंडाळलं आणि रेडिएटरच्या झाकणाकडं हात नेला.

"अण्णा, झाकण उघडू नको. थंड होऊ दे आधी," भाऊजी बांधावरून म्हणाले. तीन वर्षांतलं ते पहिलं बोलणं.

आता शहाण्या माणसानं हात मागं घेतला असता. पण सांगितलं होतं मल्हारीनं, म्हणून ह्यांनी झाकण फिरवलं. पुढचं सगळं माझ्या डोळ्यांपुढं पापणी लवायच्या आत झालं. भाऊजी बांध ओलांडून धावले, ह्यांचं मनगट धरून त्यांना जोरानं मागं ओढलं, आणि दोघं रस्त्यावर पडले. झाकण अर्धंच फिरलं होतं, तरी त्यातून उकळत्या पाण्याची पिचकारी उडाली ती बॉनेटच्या वर गेली. हे तिथंच वाकलेले राहिले असते तर त्यांचा चेहरा राहिला नसता. उजव्या हाताची बोटं आणि तळवा तेवढा भाजला. मी ओरडले की नाही मला आठवत नाही. आत्याबाई जीपमधून उतरल्या आणि त्यांनी आधी मल्हारीला चाचपून बघितलं, मग थोरल्याला.

"सांगितलं तर ऐकत कामून न्हाईस रे?" भाऊजी म्हणाले. भाऊजींनी धरलेलं मनगट अजून सोडलं नव्हतं आणि ह्यांनीही ते सोडवून घेतलं नाही.

धावत आलेल्या शांतानं बराच वेळ हातावर विहिरीचं पाणी ओतलं आणि स्वच्छ फडकं बांधलं. इंजिन थंड होईपर्यंत कुणालाच काही करता येणार नव्हतं. ढकलून, शिव्या देऊन, देवाला हाका मारून ते लवकर थंड होत नाही. आम्ही सगळे चिंचेखाली बसलो. शांतानं ताक आणलं, ज्वारीच्या भाकरी आणि शेंगदाण्याची चटणी आणली. तीन वर्षांनी मी माझ्या जावेच्या हातची भाकरी खात होते आणि त्या भाकरीनं मला रडू आलं. सुमन काकांच्या मांडीवर बसून, आपण तापात काय काय बडबडलो ते ऐकीव माहितीवर सांगत होती. भाऊजींना ती इतकी आजारी होती हेच नीट कळलं नव्हतं. ते पुन्हा पुन्हा तिचं कपाळ बघत होते.

शेवटी ह्यांनी घसा साफ केला. "थंड झालं असंल आता. बघ की जरा."

"तू हात लावू नको म्हणला होतास," भाऊजी म्हणाले.

ह्यांनी फडक्यात गुंडाळलेला स्वतःचा हात बघितला. "व्हय, म्हणलो होतो. आता लाव. माझा हात काही कामाचा राहिला न्हाई."

भाऊजी उठले तसे इतके भराभर गेले, की तीन वर्षं त्याच शब्दाची वाट बघत असावेत. रेडिएटरला खालच्या कोपऱ्यात बारीक चीर गेली होती. पाणी घातलं की तिथून ठिबकायचं. बीदरपर्यंतही पोचणार नाही, असं ते म्हणाले. "लॉरीवाले अशा वक्ताला हळद टाकतेत. फुगून भेगेत बसती. पण एवढी हळद..." आणि त्यांची नजर आईच्या मांडीवरच्या पिशवीवर गेली.

आत्याबाई गाठ सोडायलाही लागल्या होत्या. हे घाबरले. "माय, काय करायलीस? देवाचा भंडारा हाय त्यो."

"देवाचा हाय म्हणूनच टाकायलेय," त्या म्हणाल्या. "त्याच्याच दारात जायलीय की ही गाडी. त्याला नको असंल तर गळंल."

त्यांनी येळकोट म्हणत मुठीनं भंडारा पाण्यात कालवला, भाऊजींनी ते पिवळं पाणी हळूहळू रेडिएटरमध्ये ओतलं. आम्ही सगळे खाली वाकून त्या कोपऱ्याकडं बघत राहिलो. आधी पिवळे थेंब पडले. मग थेंब उशिरा पडायला लागले. मग एक थेंब तिथंच लोंबकळत राहिला आणि पडलाच नाही. हळदीचा गुण म्हणा, देवाचा म्हणा. मी वाद घालत नाही. त्या वेळी मला दोन्हींत फरक दिसला नाही, आजही दिसत नाही.

ह्यांचा हात भाजलेला, तेव्हा जीप चालवायला भाऊजींशिवाय कुणी नव्हतं. शांताही आवरून आली. बीदर ओलांडलं तरी काटा मधेच राहिला, खराब नव्हताच तो. उन्हं कलायच्या सुमारास आम्ही मैलारला पोचलो, कुंडावर पाय धुतले आणि देवापुढं गेलो. पिशवीत उरलेला भंडारा आत्याबाईंनी ताम्हणात ओतला. पुजारी आणि देवळातले दोन वाघे ताम्हणाला हात लावून बसले. ह्यांनी सवयीनं दोन्ही हात पुढं केले आणि ताम्हणाच्या कडेला बोटं लागताच उजवा हात झटक्यानं मागं घेतला. दुखत होता. ताम्हण त्यांच्या बाजूनं कलायला लागलं. भाऊजी एवढा वेळ मागं उभे होते, बोलावणं आल्याशिवाय पुढं व्हायचं नाही म्हणून.

तेव्हा सुमन बोलली. "अप्पा, एक हात तुमचा आन एक काकांचा, असंच म्हणाला होतात ना तुम्ही?"

हे नुसते तिच्याकडं बघत राहिले. मग खंडोबाकडं बघितलं, आणि मग हसायला लागले. हसता हसता डोळे भरून आले. "त्यानं ऐकलं वाटतं," म्हणाले. "ये मल्हारी. तुझा हात कमी पडायलाय." भाऊजी शेजारी बसले, त्यांनी ताम्हण धरलं, आणि देवाची तळी आत्याबाई बोलल्या होत्या तशीच उचलली गेली. मी सुमनचं डोकं छातीशी धरून उभी होते. कपाळ थंडगार होतं. इतके दिवस मी नवसाचा हिशेब माझ्या डोक्यावर घेऊन हिंडत होते, आणि तो माझा नव्हताच. ज्याच्याकडं मागितलं, त्यानंच फेडून घेतला. मी फक्त जीपमध्ये बसले होते.

पुढं भाऊजींनी रेडिएटर नवा बसवला आणि सकाळचा चहा पुन्हा आमच्याकडं घ्यायला लागले, अर्थात जीपला पाणी पाजून झाल्यावर. ह्यांचा हात महिन्याभरात बरा झाला, डागसुद्धा राहिला नाही. तरी त्यानंतर आमच्या घरी जितक्या वेळा तळी उचलायची असते, तितक्या वेळा हे डावाच हात ताम्हणाला लावतात. उजवा पाठीमागं धरतात आणि दाराकडं बघत बसतात, मल्हारी येईपर्यंत.