कोऱ्या गादीची तक्रार

ते प्रकरण अजून माझ्या मनातून गेलेले नाही. पस्तीस-छत्तीस वर्षांच्या नोकरीत मी खून पाहिले, दरोडे पाहिले, बेवारस मृतदेहांचे पंचनामे केले. तरी घरी पाहुणे जमले आणि कोणी म्हणाले, "काका, एखादी केस सांगा ना," की माझ्या तोंडी आधी येते ती गादीची केस. ऐकणाऱ्यांची थोडी निराशा होते, हे मला कळते. पण पुरती ऐकवल्याशिवाय मी कोणाला सोडत नाही.

निवृत्तीला दीड वर्ष उरले होते. डोंबिवलीत खाडीच्या अंगाला असलेल्या एका पोलीस ठाण्यात मी उपनिरीक्षक होतो. शिपाई म्हणून भरती झालो आणि एकेक पायरी चढत तिथवर पोचलो, त्यामुळे साहेबी थाट मला कधी जमला नाही, पण माणूस ओळखण्याची घमेंड मात्र भरपूर होती. तुळशीची लग्ने नुकतीच उरकली होती आणि लग्नसराई जोरात होती. या दिवसांत आमच्याकडे येणाऱ्या तक्रारी ठरलेल्या असतात. हॉलमधून पर्स गेली, डीजे बंद करा, वरातीत हाणामारी झाली. म्हणून एके दिवशी सकाळची हजेरी संपता संपता साठीचे एक गृहस्थ टेबलासमोर उभे राहिले, तेव्हा मी विचारले, "काय गेलं लग्नात?"

"इज्जत गेली, साहेब," ते म्हणाले आणि समोरच्या खुर्चीत बसले.

ते जवळच्या कोळीवाड्यातले होते. अंगाने दणकट, तळहातांना दोरीचे घट्टे, कपडे परीटघडीचे. सगळा वाडा त्यांना मामा म्हणत असे, मीही इथे मामाच म्हणतो. त्यांच्या एकुलत्या भाचीचे लग्न ठाण्याला वर्तकनगरमध्ये झाले होते. भाचीचा पलंग आणि गादी मामाने द्यायची, ही त्यांच्या घरची रीत. पलंग त्यांनी ओळखीच्या सुताराकडून सागवानी करून घेतला. गादी मात्र सुनेने पाच महिने आधीच मोबाइलवरून मागवली होती.

"मी बोललू तिला, दुकानात जाऊ, बसून बघू. ती बोलते, बाबा, आता कोण जातो दुकानात, फोटो बघा. जन्मभर गिऱ्हाइकानं माज्या माशाचा कल्ला उघडून बघितला, साहेब. आनि मी गादी घेतली फोटो बघून."

पुढची हकीकत अशी. लग्नानंतर गादीचे खोके जसेच्या तसे वर्तकनगरला नेले. व्याह्यांच्या दिवाणखान्यात दहा माणसांसमोर ते उघडले. फोटोत आठ इंच जाडीची दिसणारी गादी निघाली चार इंचांची, तीही एका बाजूला चेपलेली. नवरदेवाची आत्या म्हणाली, "मामांनी सतरंजी दिलेली दिसते." लोक हसले. मामा जेवण न घेता उठून आले. विकणाऱ्या कंपनीने फोनवर सांगितले की माल बरोबर होता, पोचल्याची सही आहे, आणि इतक्या महिन्यांनी आम्ही काही करू शकत नाही. मामांनी मग आपल्यापुरता निकाल लावला. गादी घेऊन आलेल्या टेम्पोवाल्याने वाटेत नवी काढून जुनी भरली.

मी स्टेशन डायरीला नोंद केली, जबाब घेतला. पाच महिन्यांपूर्वीचे सीसीटीव्ही मिळण्याची आशा नव्हती. पण हल्ली प्रत्येक मालवाहू टेम्पोचा माग कुठेतरी जपलेला असतो. कंपनीच्या गोदामाने दुसऱ्याच दिवशी टेम्पोवाल्याचे नाव आणि त्या दिवसाचा मार्ग पाठवला. टेम्पो शिळफाट्याजवळून निघाला होता आणि डोंबिवलीला येण्याआधी वाट वाकडी करून दिव्यात चाळीस मिनिटे थांबला होता. त्याच दुपारी माझ्या खबऱ्याचा फोन आला. "साहेब, दिव्यात एक गाळा आहे, जुन्या गाद्यांनी खच्चून भरलेला. तुमचा टेम्पोवाला त्याच्याच वरच्या मजल्यावर राहतो."

माझ्यापुरती केस संपली होती. अहवालाचे पहिले वाक्यही मनात जुळवून झाले.

दुसऱ्या दिवशी सकाळी जीप आणि दोन शिपाई घेऊन मी दिव्यात गेलो. वाईट वेळ निवडली, कारण त्या इमारतीत पाणी तेव्हाच येते. जिन्याखाली हंड्यांची रांग आणि रांगेत सगळी इमारत उभी. तिसऱ्या मजल्यावर दार उघडेच होते. शोकेसवर छोटी बुद्धमूर्ती, तिच्यासमोर ताजी फुले. तिशीचा एक सडपातळ माणूस बुटांच्या नाड्या बांधत होता. त्याची आई हंडा घेऊन दारातच उभी राहिली.

"काय झालं, साहेब?"

"चौकशी आहे," मी म्हणालो. एवढेच म्हणालो. त्याला घेऊन रांगेतून खाली उतरलो तेव्हा नळाखालचा हंडा भरून वाहत होता तरी तो कोणी उचलला नाही.

पोलीस ठाण्यात आणून मी त्याला बाकड्यावर बसवले आणि तीन तास विचारलेच नाही. ही माझी जुनी पद्धत. बसलेला माणूस मनातल्या मनात बोलू लागतो, मग आपल्याला फार विचारावे लागत नाही. तीन तासांनी त्याला आत बोलावले.

"डोंबिवलीला गादी पोचवलीस त्या दिवशी वाटेत कुठे थांबलेलास?"

"कुठेच नाही, साहेब. सरळ आलेलो."

मी मार्गाचा कागद त्याच्यापुढे सरकवला. त्याने तो वाचला, पुन्हा वाचला आणि मान खाली घातली.

"टँकर आलेला," तो म्हणाला. "तीन दिवस पाणी नव्हतं. आईचे गुडघे गेलेत, तिचा फोन आला. मी टेम्पो वळवला, हंडे वर नेऊन दिले आणि निघालो."

"मग आधी खोटं का बोललास?"

"गाडी घरी नेली हे कळलं तर कंपनी काढून टाकते." तो थोडा थांबला. "आणि आता तर कंपनीचंही राहू द्या. अग्निशमन दलात निवड झालीय माझी. माझ्या वयाची ही शेवटची भरती होती. पोलीस पडताळणीचा कागद आमच्या दिव्याच्या पोलीस ठाण्यात येऊन पडलाय. गुन्हा दाखल झाला तर संपलंच सगळं."

खोटे बोलणाऱ्या माणसांचे ढोबळ प्रकार मला पाठ आहेत. चोर खोटे बोलतो ते ठासून, नोकरी जाईल म्हणून घाबरलेला माणूस बोलतो ते पुटपुटत. हा दुसऱ्या प्रकारातला वाटत होता. पण मला वाटले म्हणून काही होत नाही, आणि बाहेर मामा येरझाऱ्या घालत होते. "गुना लिवा साहेब, गुना लिवा. मना व्याह्यांना कागद दाखवायचाय." गुन्हा नोंदवला असता तर माझ्यावर कोणी बोट ठेवले नसते. पेन हातात होते. मी वरिष्ठांकडे गेलो, सगळे सांगितले आणि प्राथमिक चौकशीसाठी दोन दिवस मागून घेतले. साहेब म्हणाले, "एका गादीसाठी?" मी म्हणालो, "गादीसाठी नाही, साहेब." त्यांनी सही केली.

टेम्पोवाल्याला घरी सोडले आणि मग मी त्या गाळ्यात गेलो. गाद्या होत्या, खच्चून होत्या, पण प्रत्येकीला गिऱ्हाइकाच्या नावाची चिठ्ठी टाचलेली होती. लोक जुन्या गाद्या आणून देत आणि तिथला म्हातारा कारागीर त्या दुरुस्त करून नवे कव्हर शिवून देई. पूर्वी कापूस पिंजायचा, आता फोम कापतो. सगळे त्याला चाचा म्हणत. वर राहणाऱ्या टेम्पोवाल्याने कधी गादी आणून विकली का, असे मी विचारले, तर चाचा हसला.

"वो तो खुद चटाई पे सोता है, साहेब. गादी कुठून आणणार?" मग त्याने विचारले, "पण ती गादी तुम्ही बघितली काय?"

मी बघितली नव्हती. तक्रार घेतली, मार्ग मागवला, माणूस उचलून आणला, पण ज्या गादीवरून एवढे चालले होते ती मी एकदाही हात लावून पाहिली नव्हती. फोटो बघून गादी घेणाऱ्या मामांना हसण्याचा मला अधिकार नव्हता. चाचाला जीपमध्ये घातले, मामांना वाटेत घेतले आणि आम्ही वर्तकनगरला गेलो.

सोसायटीतले दोघे पंच घेऊन गादीची मापे घेतली. चाचाने चपला काढल्या, गादीवर सगळीकडून तळहात फिरवला, कव्हरची चेन उघडून आत डोकावला, शिवणीची धाग्याधाग्याने तपासणी केली. शेवटी म्हणाला, "ये बदली नहीं हुई. आतला माल आणि कव्हर एकाच कारखान्याचं आहे. नवी आहे, कोणी झोपलंसुद्धा नाही." मग मामांकडे वळून त्याने विचारले, "कितने दिन बांध के रखी?"

मामा ताठ बसले. "आषाढीच्या आधी आली. तवा सेल होता. लगीन तुलशीनंतर. भाचीची गादी, ती कोरीच पायजे, आमी कोन तिला शिवलो पन नाय. खोका मी सोता बांधला. वर ताडपत्री, त्याच्यावर बोटीचा दोर, सात येढे. माल्यावर ठेवली आनि वर जाल्यांची पेटी ठेवली, उंदीर जाऊ नये म्हनून. एक गाठ सुटली नाय, साहेब."

चाचाने कपाळाला हात लावला. त्याने मग जे सांगितले ते मलाही नवीन होते. या गाद्या यंत्रात दाबून, हवा काढून, गुंडाळून खोक्यात भरतात. आल्या आल्या उघडायच्या, म्हणजे फोम फुगतो. महिनोन्महिने तशाच ठेवल्या तर तो पुन्हा उठत नाही. "आदमी को पाच महिने गुडघ्यात मान घालून बसवा," चाचा म्हणाला, "वर पेटी ठेवा. मग बघा सरळ उभा राहतो का."

एका टोकाने फोडलेले खोके अजून गॅलरीत होते. त्यावर उरलेली मामांची ताडपत्री मी कापली. खाली, मामांनीच लावलेल्या चिकटपट्टीआड, कंपनीची सूचना छापलेली होती की माल मिळाल्यावर लवकरात लवकर उघडावा. पंचनाम्यात मी ती शब्दशः उतरवून घेतली.

मामांनी बोट ठेवून ती सूचना वाचली. "म्हंजे मीच," ते म्हणाले. एवढा मोठा माणूस, पण त्या वेळी मला त्यांचा चेहरा बघवेना.

तेवढ्यात ती सतरंजीवाली आत्या चहा घेऊन आली. मला वाटले आता आणखी एक टोमणा येणार. ती म्हणाली, "मामा, एवढं जपून आम्हाला कधी कोणी काही दिलं नाही. मी बोलले ते पोटात घाला." भाची आतून आली आणि मामांच्या शेजारी त्याच गादीवर बसली. चाचाने तिथल्या तिथे मापे लिहून घेतली आणि वर फोमचा एक थर चढवून नवे कव्हर शिवायचे ठरले. पुढे ती गादी अशी झाली की आत्याबाईंनी स्वतःसाठी तशीच करून मागितली, असे माझ्या कानावर आले.

मामांनी तक्रार मागे घेत असल्याचा जबाब दिला. मी दिव्याच्या बाजूच्या पोलीस ठाण्याला स्वतः फोन करून सांगितले की आमच्याकडे या इसमाविरुद्ध काही नाही, त्याचा कागद अडवू नका. संध्याकाळी तो सही करायला आला. बाकड्यावर बसवल्याबद्दल मी त्याला म्हणालो, "माझं चुकलं." इतक्या वर्षांत हे शब्द मी त्या टेबलावर पहिल्यांदाच उच्चारले असतील. त्याने मान हलवली, सही केली, पण उठला नाही.

"साहेब, एक सांगू का? आई माझ्याशी बोलत नाही. मी किती सांगितलं. शेजारचे म्हणतात, पोलीस उगाच कोणाच्या दारात येत नाहीत. खाली नळावर पण सगळे गप्प होतात."

त्या रात्री मला नीट झोप लागली नाही. पडताळणीचा कागद मी एका फोनवर सरळ केला होता. त्या जिन्याचे काय?

दुसऱ्या दिवशी मी तीच जीप काढली, तीच वेळ धरली, तेच दोन शिपाई घेतले आणि गणवेश चढवला. मामांना कळले, तर मीही येणार म्हणून ते हटूनच बसले. त्यांच्या हातात केळीच्या पानात बांधलेला मोठा जिताडा होता. खाडीतला हा मासा आमच्याकडे मानाच्या माणसालाच देतात. जिन्याखाली रांग होती. त्याची आई रांगेतच उभी होती. तिला वर नेऊन बोलावे असे आधी मनात होते, पण मी तिथेच थांबलो आणि सगळ्यांना ऐकू जाईल असे बोललो.

"बाई, तुमच्या मुलाने काहीही केलेलं नाही. चूक आमची होती. मी सांगायला आलोय."

मामांनी जिताडा पुढे केला. "आनि माजी," ते म्हणाले. "जास्त माजी."

तिने मासा लगेच घेतला नाही. हंडा खाली ठेवला, पदराने हात पुसले आणि आधी शेजारणीकडे वळली. "ऐकलंस ना?" तिने विचारले. शेजारीण हो म्हणाली. तिने तिच्यापलीकडच्या बाईलाही विचारले. मग आमच्याकडे पाहून म्हणाली, "त्या दिवशी पाण्यासाठी मीच बोलावलेलं त्याला. माझ्यामुळे झालं सगळं, असं वाटून तोंडातून शब्द फुटत नव्हता. वर चला, चहा घेऊन जा."

तो माणूस आता अग्निशमन दलात आहे आणि मामा दर श्रावण संपला की त्यांच्याकडे मासळी पोचवतात. या केसने मला शिकवले ते साधेच आहे. संशय घेऊन जाताना आपण जीप नेतो, गणवेश नेतो, चार लोकांसमोर जातो. संशय फिटला की घरी जा म्हणतो आणि फाइल बंद करतो. त्यानंतरच्या दीड वर्षात ज्या ज्या दारात मी चुकून गेलो, त्या दारात पुन्हा गेलो, त्याच गणवेशात, लोक असताना. दीड वर्ष म्हणजे फार नाही. त्याआधीच्या चौतीस वर्षांत मी अशा किती दारांत परत गेलो नाही, ते मला आता आठवूनही सांगता येत नाही.