फवारलेल्या पऱ्हाटीतून

वलगावजवळच्या आमच्या वसतिगृहात ती परदेशातून मुलांना शिकवायला आली होती. दुपारी त्यांच्यासोबत शिवारात भटकायची आणि कशालाही हात लावून मुलांच्याच बोलीत "काहून?", म्हणजे "का?", विचारायची. मी दिलेल्या सूचनांच्या यादीत ऊन, साप, विहिरी होत्या. कीटकनाशकाची फवारणी नव्हती, कारण इथे ती सगळ्यांनाच माहीत असते.

त्या दिवशी आठ मुलं घेऊन ती पऱ्हाटीत, कपाशीच्या शेतात, शिरली. मालक ओरडला, "मॅडम, भायेर या! सकायीच फवारा मारला! पोराइले तोंडाले हात लावू देऊ नका!"

तिने आठही जणांचे हात साबणाने धुतले, स्वतःचे शेवटी. मी फोन केला तेव्हा डॉक्टर म्हणाले, संध्याकाळपर्यंत लक्ष ठेवा. ती प्रत्येकाला पुन्हापुन्हा विचारत होती, मळमळतं का? सात जण नाही म्हणाले. आठवा झोपला होता. त्याला हलवायला तिचा हात पुढे होईना, माझाही.