काठाचा पापुद्रा

प्रयोगशाळेत तिला सगळे ‘चौकशीबाई’ म्हणत, आणि ते तिला ठाऊक होतं. काम म्हणाल तर रुग्णांच्या अंगातून काढलेले तुकडे मेणाच्या ठोकळ्यात बसवायचे, यंत्राचं चाक फिरवत त्यांचे केसाहून पातळ पापुद्रे काढायचे आणि काचेवर चढवून डॉक्टरीणबाईंकडे धाडायचे. पण काच धाडून गप्प बसली तर ती चौकशीबाई कसली? ‘यात काय निघालं?’ हे विचारल्याशिवाय तिला घास गोड लागत नसे.

डॉक्टरीणबाईंचं संशोधन घामाच्या ग्रंथींच्या गाठींवर चाललं होतं. अंगभर लाखो ग्रंथी, जन्मभर राबणाऱ्या, तरी त्यांच्यात गाठ होते ती क्वचितच; आणि झाली तरी बहुतेक निरुपद्रवी, एखादीच घातकी. असं का, हे त्यांनाही पुरतं उमगलं नव्हतं. या कोड्याने चौकशीबाईला झपाटलं होतं. घरी भांडी घासतानाही तोच विषय.

“घाम गाळणाऱ्यांनाच होते का गं ही गाठ?” सासूबाईंनी एकदा विचारलं. “मग माझ्या लेकाला काही भीती नाही.”

आणि नेमकी सासूबाईंच्याच डोक्यावरची जुनी गाठ वाढायला लागली. सर्जनने ती काढली आणि तपासायला पाठवली.

घरच्या माणसाचा तुकडा दुसऱ्याने कापायचा, असा प्रयोगशाळेचा रिवाज होता. शेजारच्या टेबलावरचे दादा तो ठोकळा घेणारच होते, पण ते चहाला गेले आणि हिचे हात शिवशिवले. इतकी वर्षं परक्यांच्या गाठी पाहिल्या, ही तर घरची. तिने ठोकळा यंत्राला लावला आणि गाठ लवकर दिसावी म्हणून भराभर जाड काप काढत सुटली. वरचा सगळा भुगा ब्रशने कचऱ्यात गेला. आतली गाठ दिसली तेव्हा ती हरखली, आणि मग तिची नजर ठोकळ्यावरच्या खुणेवर गेली. हा काठाचा, म्हणजे सर्जनची सुरी जिथून फिरली त्या कडेचा तुकडा होता. काठाच्या तुकड्यात सगळ्यात वरचा पापुद्राच कामाचा. गाठ पुरती निघाली की थोडी अंगातच राहिली, ते तोच सांगतो. तिने कचरा उपसला, पण त्या भुग्यातून काय ओळखणार?

डॉक्टरीणबाई रागावल्या नाहीत, हे जास्त लागलं. “गाठ घातकी आहे,” त्या म्हणाल्या. “काठापर्यंत पोचली होती का, ते आता सांगता येत नाही. पुन्हा कापावं लागेल.”

त्या संध्याकाळी तिने सासूबाईंना सगळं सांगितलं. लपवाछपवी केली नाही. सासूबाई भिंतीकडे तोंड करून झोपल्या आणि दुसऱ्या शस्त्रक्रियेपर्यंत तिच्याशी कामापुरतंच बोलल्या.

या खेपेला आलेले तुकडे दादांनी कापले. ती बाहेर जिन्यात उभी राहिली. दादांच्या हाताखालून गेलेल्या काचा डॉक्टरीणबाईंनी पाहिल्या आणि स्वतः जिन्यात येऊन सांगितलं, कुठेही गाठीचा अंश नाही. ती तिथेच रडली, लोक येत-जात असताना.

तशीच ती सासूबाईंच्या खाटेपाशी गेली आणि निकाल सांगितला.

“म्हणजे पहिल्याच वेळी सगळं निघालं असेल?” सासूबाईंनी विचारलं.

“असेल. नसेलही. थोडं काठापाशी राहिलं असेल, या वेळी निघूनही गेलं असेल, पण काचेवरच्या पापुद्र्यांत सापडलं नसेल.”

“मग मला दुसऱ्यांदा उगाच कापलं का?”

“ते आता कुणालाच कळणार नाही, आई.”

“तुलासुद्धा?”

“मलासुद्धा नाही. कधीच.”

सासूबाईंनी तिच्याकडे नीट पाहिलं. “मग झाली तुला शिक्षा,” त्या म्हणाल्या आणि पाय आखडून तिला बसायला जागा केली.