देवापुढे फिरवलेला जबाब

माझ्या नवऱ्याचा उजवा हात समुद्रातल्या तेलाच्या रिगवर विंचमध्ये सापडला. जड सामान ओढणारं ते यंत्र. त्याचा ब्रेक सुटला आणि तारेच्या दोराबरोबर हात आत गेला. तीन बोटं गेली. मुंबईच्या इस्पितळात शुद्धीवर आल्यावर आमचे हे जबाब देऊन मोकळे: चालू यंत्रात, नियम मोडून, मीच हात घातला.

खोटं कशाला, तर खरं सांगितलं असतं तर ठपका सुपरवायझरवर आला असता, आणि तो आमच्याच वाडीतला. यांना रिगवर त्यानेच चिकटवलं होतं. नोकरीला लावणाऱ्याविरुद्ध बोललं की आमच्याकडे वाडीत तोंड दाखवायची सोय राहत नाही. मला इतका संताप आला होता की यांना घास भरवायचे, पण बोलायचे नाही.

रत्नागिरीतले वकील स्पष्टच बोलले. नुसता निष्काळजीपणा असता तरी कायद्याने भरपाई मागता आली असती. पण जाणूनबुजून नियम मोडला असं स्वतःच सांगितल्यावर कंपनी अंग काढून घेणार. जबाब फिरवायचा तर यंत्र आधीपासून बिघडलेलं होतं हे सांगणारा कोणीतरी हवा. हे मान खाली घालून बसले. माझ्या डोळ्यांपुढे शाळेत जाणाऱ्या आमच्या मुली येत होत्या.

सासऱ्यांनी मात्र देवळात गाऱ्हाणं घालायचं, वाडीसमोर देवाला साकडं घालायचं ठरवलं. नारळ ठेवला, वाडी जमली. सुपरवायझरही रजेवर आलेला, मागे खांबाला टेकून उभा होता. गुरव म्हणाला, "बा म्हाराजा, ह्या लेकरान सोताच्या चुकीन हात गमावलान, त्येला पदरात घे."

"व्हय म्हाराजा," सगळे म्हणाले. यांच्या तोंडून मात्र शब्द फुटेना. माणसांशी खोटं बोलून झालं होतं, देवापुढे ते जमेना. ज्याचं गाऱ्हाणं त्याचा होकार हवाच, म्हणून गुरवही थांबला.

तेवढ्यात सुपरवायझर पुढे आला.

"चूक ह्याची नाय," तो म्हणाला. "ब्रेक आधीपासून धरत नव्हता. ह्यान मला सांगितलान पन व्हता. मीच काम थांबवला नाय."

शिव्या माझ्या अगदी ओठांवर आल्या होत्या. त्या बाहेर पडण्याआधीच हे त्याला म्हणाले, "गप बस. तुझी नोकरी जाईल."

तीन बोटं गेलेल्या माणसाला काळजी कोणाची! मला रडू कोसळलं, रागाने की मायेने ते मलाच कळेना. सुपरवायझर यांच्या पट्टी बांधलेल्या हाताकडे बघत राहिला. मग म्हणाला, "उद्या वकिलाकडं जाऊ या. मी संगती येतो."